आरोनमामा आणि गिटलबाईंची पुस्तकं

तळेगावच्या मुलींच्या शाळेत माझा दुपारचा वर्ग चालू होता, तेव्हा लोणावळा स्टेशनावरचा हमाल सखाराम वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. स्टेशन सोडून तो सहसा कुठं जायचा नाही, म्हणून त्याला पाहताच मी हातातला खडू खाली ठेवला. डोक्यावरचं मुंडासं काढून ते छातीशी धरत तो म्हणाला, "बाई, तुमचं मामा गेलं. सकाळच्याला. तरास काय झाला न्हाई. च्या मागितला, आन् च्या येस्तवर…" आमच्यात माणूस गेलं की शक्य तर त्याच दिवशी माती देतात, म्हणून मी तशीच निघाले. गाडीत मळवली मागं पडली, लोहगड ढगात बुडालेला होता, आणि माझ्या मनात एकच येत होतं, की आज मंगळवार आहे, मधल्या वारी मला लोणावळ्याला आलेली पाहून मामा विचारतील, "शाळेला सुट्टी का गं?"

आरोन नागावकर हे माझ्या आईचे थोरले भाऊ. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरची आमची मूळ गावं, तेल गाळण्याचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून गावकरी आम्हाला शनवार तेली म्हणत. मामांच्या पिढीत घाणे सुटले आणि रेल्वेच्या नोकऱ्या आल्या. मामा ऐन तरुणपणी लोणावळ्याच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून आले ते कायमचे. माझे वडील त्याच लाइनीवर गार्ड होते. तेव्हा लोणावळ्यात आमची बरीच घरं होती. कुणी ड्रायव्हर, कुणी सिग्नलवर, कुणी वर्कशॉपात. स्टेशनामागच्या चाळीच्या टोकाला दोन खोल्या भाड्यानं घेऊन सगळ्यांनी प्रार्थनेची जागा केली होती. घरातली वडीलधारी माणसं तिला मशीदच म्हणत, त्यांना दुसरा शब्द ठाऊक नव्हता. मोठ्या खोलीत प्रार्थना. आणि धाकट्या खोलीत मामांचं पुस्तकालय.

ते कसं सुरू झालं हे मला आईनं सांगितलं. पहिली लढाई संपता संपता जी तापाची साथ आली, तिच्यात मामी आणि त्यांचं तान्हं बाळ एकाच आठवड्यात गेलं. मामा कामावर जात, परत येत, आणि प्रार्थनेच्या जागेत जाऊन नुसते बसत. समोर प्रार्थनेची जुनी पुस्तकं पडलेली असत, पानं सुटलेली, वाळवीनं कोरलेली. एक दिवस त्यांनी खळ शिजवली आणि ती पुस्तकं चिकटवायला घेतली. मग मुंबईच्या नातेवाइकांकडून आणखी मागवली. हिब्रू प्रार्थना आणि खाली मराठी अर्थ अशी पुस्तकं, संदेष्ट्यांच्या गोष्टी ओव्यांतून सांगणारी कीर्तनं, आमच्या लोकांनी मराठीत चालवलेल्या मासिकांचे जुने अंक, पोरांना हिब्रू अक्षरं शिकवायच्या पट्ट्या. दोन कपाटं भरली. शनिवारी आमच्यात चूल पेटत नाही, काम होत नाही. सकाळची प्रार्थना झाली की दुपारभर ती धाकटी खोली माणसांनी भरायची. ज्यांना वाचता येई ते वाचत, बायका भिंतीला टेकून ऐकत. मी हिब्रू अक्षरं तिथंच मामांच्या मांडीशी बसून शिकले. अर्थ थोडाच कळे. मामांनाही सगळा कळत नसे आणि ते तो कळल्याचा आव आणत नसत. "आधी उच्चार धर," म्हणायचे, "अर्थ येईल मागनं, आला तर."

लोणावळ्याच्या पावसात पुस्तक टिकवणं म्हणजे तान्हं मूल वाढवण्यासारखं. तुंगार्लीकडून धुकं खाली उतरलं की आठ-आठ दिवस भिंती ओल्या. मामा पुस्तकांत वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा पाला ठेवत, आणि कामावरून आले की शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर एकेक पुस्तक उघडं करून शेकवत. बाळंतिणीच्या घरी जसे लंगोट सुकवतात, तसं. लोक हसायचे. आई हसत नसे. ती म्हणायची, त्याला दुसरं काय सुकवायचं राहिलंय…

दुसरी लढाई पेटायच्या सुमाराला खंडाळ्याच्या एका आरोग्यधामात एक गोरे डॉक्टर आले. यहुदी आहेत, युरोपातून जीव वाचवून आलेत, बरोबर म्हातारी आई आहे, असं कळलं. मामांना कोण आनंद! आमच्या नववर्षाचा सण जवळ आला होता. त्यांना प्रार्थनेला बोलवायचं म्हणून मामांनी ठेवणीतला कोट घातला, डाळिंबं घेतली आणि मला बरोबर घेतलं. डॉक्टरांनी स्वतःच दार उघडलं. मामांनी इंग्रजीत सगळं नीट सांगितलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडं, मग माझ्या लुगड्याकडं पाहिलं. "तुम्ही यहुदी?" ते म्हणाले, "मला तर तुम्ही इथलेच दिसता." मामा म्हणाले, "इथलेच आहोत, साहेब. आणि यहुदीही आहोत." डॉक्टर म्हणाले, आपण सणवार पाळत नाही, आणि मग, दार लोटता लोटता, "क्षमा करा, पण उद्या कुणीही येऊन असं सांगेल." डाळिंबं मामांच्या हातातच राहिली. परतीच्या वाटेवर ती त्यांनी खंडाळ्याच्या फलाटावरच्या पोरांना वाटून टाकली. त्या वर्षीच्या सणात त्यांचा आवाज मला खाली गेलेला वाटला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, भर पावसाळ्यात, डॉक्टर आपण होऊन आले. शनिवारची दुपार होती. छत्री दाराबाहेर ठेवून ते धाकट्या खोलीच्या उंबऱ्याशी उभे राहिले आणि कपाटांकडं पाहत राहिले. मामांनी खुर्ची पुढं केली. डॉक्टरांनी कोटाच्या आतून मेणकापडात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक काढलं. हिब्रू अक्षरं होती, पण मामांना शब्द काही लागेनात. डॉक्टर म्हणाले, ही हिब्रू नव्हे, आमच्याकडच्या यहुद्यांची घरगुती बोली आहे, यिद्दिश. लिपी तेवढी तीच. आईची तीन पुस्तकं आहेत, गोष्टींची. देश सोडताना तिनं दागिने टाकले, पण ही टाकली नाहीत. आता तिची दृष्टी गेली आहे. दोन मुली तिकडं राहिल्या, त्यांची पत्रं बंद झाली आहेत. ती जेवत नाही, बोलत नाही. "मला ही बोली कळते," ते म्हणाले, "पण अक्षरं येत नाहीत. माझ्या वडिलांना वाटलं, मुलाला त्यांची गरज लागणार नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही वाचाल?"

मामा म्हणाले, "मला एक शब्द समजणार नाही."

"तिला समजेल," डॉक्टर म्हणाले.

पुढं जवळजवळ चार वर्षं मामा दर रविवारी खंडाळ्याला जात राहिले. ते तेव्हा नोकरीतून सुटले होते. सुट्टीला मी लोणावळ्यात असले की मीही जायची. आरोग्यधामाच्या मागच्या अंगाला दरीकडं तोंड करून एक व्हरांडा होता, तिथं गिटलबाई बसलेल्या असत. गिटल हे त्यांचं नाव. 'बाई' मामांनी जोडलं. लहानखुऱ्या, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, गुडघ्यावर घोंगडी. पहिल्या दिवशी मामांनी पुस्तक उघडलं आणि आपल्या कोकणी नाकातल्या सुरात प्रार्थना म्हणावी तसं वाचायला लागले. गिटलबाईंनी मान वर केली. आमच्याकडं ज्या अक्षराचा 'आ' होतो त्याचा त्यांच्यात 'ओ' व्हायचा, त्यामुळं प्रत्येक तिसरा शब्द वाकडा जात असणार. त्या ऐकत राहिल्या, ऐकत राहिल्या, आणि एका जागी एकदम हसल्या. तोंडावर पदर… रुमालाचं टोक धरून, पोरीसारख्या. मग त्यांनी तो शब्द स्वतः म्हणून दाखवला. मामांनी तसाच म्हटला. त्यांनी मान हलवली. आत दाराआड डॉक्टर उभे होते. आईचा आवाज ऐकून ते तसेच भिंतीला टेकले.

गोष्ट काय आहे हे मामा कधी विचारत नसत. डॉक्टरांना फुरसत नसे, आणि मामांना त्याची गरजही वाटेनाशी झाली. ते वाचता वाचता गिटलबाईंच्या तोंडाकडं पाहत. परत येताना गाडीत मला सांगायचे, "आज गोष्टीत लग्न झालं असावं." किंवा, "आज कुणीतरी गेलं गं. पोर असावं." एकदा एका पानावर त्या फार रडल्या. पुढच्या रविवारी तीच गोष्ट पुन्हा वाचायची होती, तर मामांनी ते पान हळूच टाळलं. गिटलबाईंनी लगेच त्यांच्या मनगटावर चापट मारली आणि बोटानं मागं, मागं अशी खूण केली. मामांनी ते पान वाचलं. त्या रडल्या. पण त्या दिवशी त्या भात आणि आमटी पूर्ण जेवल्या.

वाचन संपलं की त्या दर वेळी एकच वाक्य विचारत. मामांना वाटे, आभार मानत असतील. ते हात जोडत. शेवटी एकदा डॉक्टरांनी सांगितलं, ती विचारतेय, पत्र आलं का. तुम्ही गाडीनं येता हे तिला माहीत आहे, आणि टपाल गाडीनं येतं. "उत्तर काय देऊ?" मामांनी विचारलं. डॉक्टरांनी दोन शब्द शिकवले. नोख निट. म्हणजे, अजून नाही. मामांना त्याची गंमत वाटली होती. मला म्हणाले, "बघ, आपल्यात नीट म्हणजे सगळं ठीक, आणि बाईंच्यात निट म्हणजे नाही." मग दर रविवारी पुस्तक मिटलं की प्रश्न, आणि मामांचं "नोख निट", आणि गिटलबाई मान हलवून दरीकडं तोंड वळवत.

लढाई संपत आली तेव्हा वर्तमानपत्रांत ते यायला लागलं. तिकडं छावण्यांत आमच्या लोकांचं काय केलं ते. आधी वाटलं, लढाईतल्या अफवा. मग छायाचित्रं आली. शनिवारी धाकट्या खोलीत कुणी पुस्तक उघडलं नाही. माझ्या वडिलांनी वर्तमानपत्राची घडी घालून ती कोटाच्या खिशात ठेवली, बायकांना दिसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी आम्ही खंडाळ्याला गेलो तर डॉक्टर फाटकाशीच उभे होते. त्यांच्या आईच्या गावचं काहीच उरलं नव्हतं. बहिणींबद्दल त्यांना निश्चित कळवणारं कुणीही मागं राहिलेलं नव्हतं, आणि तेच उत्तर होतं. "तिला सांगू नका," ते म्हणाले. मामा म्हणाले, "मला सांगता तरी कुठं येतंय, साहेब?" मग आम्ही आत गेलो. मामांनी त्या दिवशी फार वेळ वाचलं. पुस्तक मिटलं. गिटलबाईंनी विचारलं. आणि मामांनी, आवाज जरासुद्धा हलू न देता, सांगितलं… नोख निट.

परत येताना ते गाडीत बसले नाहीत. खंडाळ्याहून लोणावळ्यापर्यंत आम्ही रुळांच्या कडेनं चालत आलो. मधेच थांबून म्हणाले, "लिआ, इतके दिवस मी खरं बोलत होतो गं. आज पहिल्यांदा खोटं बोललो." ते पुढं चालू लागले.

तरी रविवार चुकला नाही. मात्र मामा आता गाडीत गोष्टीबद्दल काही सांगत नसत. पुढच्या पावसाळ्यात गिटलबाई अंथरुणाला खिळल्या. मामा खाटेशी स्टूल घेऊन वाचत. आणि एका रविवारी, पुस्तक मिटलं तरी त्यांनी प्रश्न विचारलाच नाही. मामा वाट पाहत बसले. गिटलबाईंनी हात पुढं केला, चाचपडत मामांचा हात शोधला आणि वरून थोपटला. पुढच्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारच्या आधीच त्या गेल्या. त्यांना कळलं होतं का, कुणी सांगितलं होतं का, की विचारायची ताकदच उरली नव्हती, हे मामांना शेवटपर्यंत समजलं नाही. डॉक्टर म्हणाले, मी सांगितलं नाही. मामा म्हणायचे, "माझ्या आवाजावरून ओळखलं असेल. आंधळ्या माणसाला आवाज दिसतो."

आमच्यात मृतासाठी मुलगा कद्दिश नावाची प्रार्थना म्हणतो, आणि ती म्हणायला दहा कर्ते पुरुष हजर लागतात. कोसळत्या पावसात मामांनी क्वार्टरं पालथी घातली. कुणी ड्यूटीवरून उतरलेला, कुणी तापानं फणफणलेला, पण दहा जण जमवले. तुंगार्लीच्या वाटेवर आमच्या लोकांची छोटी जागा आहे, तिथं गिटलबाईंना ठेवलं. डॉक्टरांना शब्द येत नव्हते. मामा त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि एकेक शब्द पुढं देत गेले, डॉक्टर मागून म्हणत गेले. डॉक्टर आमच्या उच्चारांत म्हणत होते, आमच्या कोकणी नाकातल्या सुरात. मला अजून तो आवाज आठवतो.

थोड्याच महिन्यांत डॉक्टर दूर परदेशी निघाले. आईची तिन्ही पुस्तकं त्यांनी पुस्तकालयाला दिली. आम्ही लोणावळ्याच्या फलाटावर पोचवायला गेलो होतो. डब्याच्या दारात उभे राहून ते म्हणाले, "नागावकर, त्या दिवशी तुम्ही डाळिंबं घेऊन आला होतात, तेव्हा मी…" मामांनी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. "गाडी सुटेल, आत बसा," म्हणाले. त्यांचं पत्र कधी आलं नाही.

नंतरची मामांची वर्षं मी शनिवार-रविवारी जाऊन पाहिली, आणि त्यांबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. माझे आईवडील गेले. घरं हलत गेली. कुणाची बदली, कुणाला मुंबईत बिऱ्हाड मिळालं, तरुण पोरं समुद्रापार आपला देश होतोय म्हणून निघाली. प्रार्थनेला कधी सहा, कधी चार माणसं. मामा तरी शनिवारी धाकटी खोली उघडत, बाक पुसत आणि दुपारभर बसत. मी गेले की पाहायची, समोर गिटलबाईंचं एखादं पुस्तक उघडं असायचं, पण ते वाचत नसायचे. ओठ हलत नसत. एकदा विचारलं, "वाचत का नाही मामा?" तर म्हणाले, "मला कुठं समजतंय." आणखी एकदा, माझ्याकडं न पाहता म्हणाले, "खरं सांगायला हवं होतं का गं? तिच्या पोरी होत्या. रडायचा हक्क तिचा होता." मी म्हटलं, मामा, तुम्हाला ते सांगायला शब्दच नव्हते. ते म्हणाले, "चार वर्षांत शिकलो असतो."

त्या मंगळवारी मी पोचले तेव्हा त्यांना स्नान घालून पांढऱ्या कफनात ठेवलं होतं. खोलीत सात पुरुष होते. मुंबईला तार गेली होती. पण घाटात दरड आली होती, गाड्या रखडलेल्या, आणि तार पोचली की नाही हेच कुणाला सांगता येईना. दिवस कलेपर्यंत वाट पाहिली. खंडाळ्याहून एक जण आला. आठ. चाळीतले शेजारी, सखाराम, बाजारातले बुकबाइंडर रसूलभाई, सगळे अंगणात पावसात उभे होते, सखारामनं हळूच येऊन विचारलं, "बाई, आमी उभं ऱ्हायलो तर चालत न्हाई का?" कद्दिशला दहा जण आमच्यातलेच लागतात, हे त्याला कसं सांगणार. मला ती प्रार्थना तोंडपाठ होती, मामांनीच शिकवलेली. पण बाईमाणूस मोजत नाहीत. अंधार पडायच्या आत मामांना गिटलबाईंपासून थोड्या अंतरावर ठेवलं. बाकीच्या प्रार्थना झाल्या. कद्दिश झाली नाही. ज्या माणसानं परक्या मुलखातल्या बाईसाठी भर पावसात दहा जण उभे केले, त्याच्यासाठी दोन कमी पडले. पुढं मुंबईच्या मोठ्या मशिदीत त्यांच्या नावानं कद्दिश झाली, चांगली भरल्या सभेत. मी बायकांच्या सज्जात उभी होते. ती म्हणणाऱ्या माणसानं मामांना कधी पाहिलेलं नव्हतं.

महिन्याचे दिवस सरल्यावर जागेचा भाडेकरार सोडायचं ठरलं. मुंबईचे दोन गृहस्थ कपाटं पाहायला आले. सभ्य माणसं होती. प्रार्थनेची पुस्तकं त्यांनी आदरानं चुंबून ट्रंकेत ठेवली, मराठी कीर्तनंही घेतली. गिटलबाईंची पुस्तकं उलटून पाहिली आणि म्हणाले, "ही आमच्याकडं कोण वाचणार, बाई?" ते खरंच होतं. ती, वेखंडाच्या वासासकट, मी माझ्या पिशवीत घातली.

आता ती तळेगावला माझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर आहेत, चुलीच्या उबेला. गेल्या रविवारी मी त्यांतलं जाड पुस्तक घेऊन दाराशी बसले आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. शेजारच्या मळ्यातल्या पार्वतीमावशी ताक घेऊन आल्या होत्या. त्या ऐकत उभ्या राहिल्या, मग तांब्या खाली ठेवून त्यांनी हात जोडले.

"देवाचं हाय व्हय, बाई?"

"नाही मावशी. कुणाच्या तरी घरची गोष्ट आहे."

"काय झालं मग त्यात?"

"मला कळत नाही."

मावशींनी जोडलेले हात सोडले, पदर आवरला आणि त्या उंबऱ्यावर ऐसपैस बसल्या. "वाचा," म्हणाल्या. मी पुढं वाचायला लागले.